सातवा खड्डा

बंद पडलेल्या ड्रायक्लीनिंगच्या कारखान्याची जागा विकली जाणार होती. तिथल्या मातीत काही वाईट मुरलंय का, हे बघायला ती आली होती. ठरलेले सहाही खड्डे झाले, मातीच्या बरण्या बर्फाच्या पेटीत गेल्या.

पेटीत एक बाटली नेहमी जास्तीची असे. भाजून शुद्ध केलेली अर्धी बाटली वाळू, सीलबंद. ती उघडायची नाही, नुसती सोबत फिरवायची. वाटेत बाहेरची घाण शिरली तर तिच्यावरून कळतं. नवरा त्या बाटलीला जावईबापू म्हणायचा. "काम ना धाम, पण पेटीत मानाची जागा."

तो होता तेव्हा ठरल्यापेक्षा एक खड्डा हट्टाने जास्त घ्यायचा. गाडीच्या काचेवर फुंकर मारून वाफेवर बोटाने आकडा लिहायचा, खाली जागेकडे बाण. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. आता ती ठरले तेवढेच घेते.

"झालं का, ताई?" जागा घेणाऱ्याने विचारलं.

पेटी मिटताना तिला दिसलं, त्या वाळूच्या बाटलीवर वाफ धरली होती. तिने रुमालाने पुसली. वाफ आतून होती. तिच्यावर बोटाने लिहिलं होतं, ७.

सील शाबूत होतं.

"एक राहिलाय," ती म्हणाली.

"कुठे घ्यायचा?"

तिने बाटली उन्हात धरली. आकड्याखाली हळूहळू बाण उमटला, त्याच्या सवयीचा, वाकड्या शेपटाचा. टोक तिच्या छातीकडे होतं.

तिने बाटली उलटी धरली. बाण काचेवरून सरकत पुन्हा तिच्याकडेच वळला.