बंदूक कुणी खाली ठेवली

"गोळीवाल्यांच्या घरात माझी पोरगी जाणार नाही. खलास!" अमीननं ताट पुढे सारलं.

त्याच्या बायकोनं, शकीलानं ताट उचललं. माहनूर मात्र जागची हलली नाही. रेहानशी लग्न करायचंय हे तिनं आज तिसऱ्यांदा सांगितलं होतं. रेहान मस्कतजवळच्या माबेलातल्या ओवेस टेलरचा मुलगा. शिकलेला, निर्व्यसनी, पाच वक्ताचा नमाजी. त्याच्यात काढायला खोट नव्हती. खोट होती ती दीडशे वर्षांहून जुनी.

रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावात ती गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ होती. अमीनचा खापरपणजोबा याकूब आणि ओवेसचा खापरपणजोबा दाऊद, दोघे कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई. सत्तावनच्या बंडात काही बंडवाले एका मशिदीत शिरले. आत नमाज चालला होता. साहेबानं गोळ्या घालायचा हुकूम दिला. याकूबनं बंदूक खाली ठेवली. म्हणाला, "हुकूम साहेबाचा, पण घर अल्लाचं." त्याला बेड्या पडल्या, नऊ वर्षांनी तो गावी परतला. दाऊदनं गोळी झाडली आणि तो त्याच लढाईत मेला.

तेव्हापासून दाऊदचं घराणं 'गोळीवाले'. गावातली मुलगी त्या घरात कुणी दिली नाही. आणि याकूबचं घराणं? इथं मस्कतमध्येसुद्धा कोकणी माणसांत तंटा झाला की लोक अमीन कामाला होता त्या गोदामात येऊन त्याला गाठत. "याकूबचं रक्त आहे. खोटं बोलणार नाही," म्हणत.

"अब्बा," माहनूर म्हणाली, "लष्करी खटला झाला असेल तर कागद असेल ना कुठेतरी?"

"असेल की."

"सुफियानदादा मुंबईला वकिली शिकतोय. त्याला शोधायला सांगते. तुम्ही वाचा आणि काय ते तुम्हीच सांगा. तुमचा शब्द मला कबूल. मग पुन्हा रेहानचं नाव काढणार नाही."

अमीनला पोरीचं कौतुक वाटलं. "मला कशाची भीती? येऊ दे कागद. ओवेसलाही बोलावू. त्याच्यासमोरच सांगतो."

तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, सुफियानचा मेल आला. गोदामातल्या केबिनचं दार लावून अमीननं तो उघडला. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरातली चार पानं होती आणि खाली सुफियाननं ती टाईप करून दिली होती.

आरोपी: शिपाई दाऊद. गुन्हा: मशिदीवर गोळी झाडण्याचा हुकूम मोडला. आरोपीचा जबाब: हुकूम साहेबाचा, पण घर अल्लाचं. शिक्षा: पलटणीसमोर गोळ्या घालून मृत्यू. गोळ्या घालायला त्याच्याच कंपनीतले सहा शिपाई उभे केले होते. पहिलं नाव याकूबचं. बापाचं नाव तेच, गाव तेच. शेवटी एक ओळ होती: सहाही जणांनी हुकूम चोख पाळला, याकूबला नाईकपदी बढती.

अमीननं पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा. याकूबनं हुकूम पाळला नसता तर सातवी गोळी त्यालाच बसली असती, हे त्याला कळत होतं. जीव कुणाला प्यारा नसतो? पण परत येऊन दाऊदचं वाक्य स्वतःच्या तोंडी घेतलं, त्याला काय म्हणायचं?

"अमीन! यल्ला, ट्रक आलाय!" बाहेरून अर्बाबनं, गोदामाच्या मालकानं, हाक मारली.

अमीननं मेल पुसून टाकला आणि सुफियानला फोन लावला. "कुणाला बोललास?"

"नाही चाचा. कागद फक्त तुमच्याच हातात पडला पाहिजे, असं माहनूरनं बजावलं होतं ना मला."

"बरं केलंस. बोलूही नकोस."

शुक्रवारी जुम्म्याचा नमाज आटोपून ओवेस अल अमेरातला अमीनच्या घरी आला. सोफ्याच्या कडेवर बसला. शकीलानं चहा ठेवला. माहनूर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कागद आला?" ओवेसनं विचारलं.

"आला."

"नीट वाचलात, अमीनभाई?"

"वाचला." अमीननं कपाकडे बघत सांगितलं, "गावात सांगतात तसंच आहे. दाऊदनं गोळी झाडली."

माहनूरनं बापाकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

"मला वाईट वाटतं, ओवेस," अमीन म्हणाला. "पण जे आहे ते आहे."

"बरोबर आहे. मग ही सोयरीक नको." ओवेस उठला. आवाजात राग नव्हता. सुटलो एकदाचे, असं अमीनला वाटलं. रीत म्हणून तो त्याला खाली गाडीपर्यंत सोडायला गेला.

गाडीच्या दाराला हात घालून ओवेस थांबला.

"त्या कागदाची नक्कल माझ्या कपाटात बारा वर्षं आहे, अमीनभाई. मेलेल्या माणसाची अब्रू काढून काय मिळवायचं, म्हणून गप्प राहिलो. दोन महिन्यांपूर्वी रेहाननं ती माहनूरला दाखवली."

ओवेसनं गाडीचं दार उघडलं.

"मी तिला म्हटलं, पोरी, जाऊ दे तो कागद, तुमचं लग्न होऊ दे. तीच ऐकेना. म्हणाली, 'चाचा, एकदा माझ्या अब्बांच्या हातात पडू दे. ते खरंच सांगतील.'"