मधाची बरणी

विहारात दुपारनंतर कुणी जेवत नसे. आजाऱ्याला औषध म्हणून चमचाभर मध तेवढा चाले. मधाची बरणी कोठी सांभाळणाऱ्या भन्तेंच्या ताब्यात होती, आणि मध दिवसेंदिवस खाली चालला होता. आंबला तर नाही ना, म्हणून ते रोज दुपारी दोन चमचे चाखून बघत, आणि बरणीला झाकण लावताना त्यांचा संशय आणखी पक्का होई: हे काम त्या नव्या भिक्खूचंच! दिसतो गरीब गाय, पण ओठ बघा कसे चकाकतात.

पौर्णिमेला सगळे नियम वाचायला बसले. ज्येष्ठ भन्तेंनी रिवाजाप्रमाणे तीनदा विचारलं, "कुणाच्या हातून काही चुकलंय? मनात कुणाविषयी किंतु असेल, तर तोही सांगा."

तिसऱ्या वेळी नवा भिक्खू हात जोडून उठला. 'आता कशी जिरली!' कोठीवाले भन्ते मनात म्हणाले.

"माझं चुकलं, भन्ते," तो मान खाली घालून म्हणाला. "डोळ्यांनी पाहिलं नसताना मी संशय घेतला. मला वाटतं, मध कोठीवाले भन्तेच खातात."

"आणखी कुणाच्या मनात हे पाप आहे?" ज्येष्ठांनी विचारलं, आणि सर्वांत आधी स्वतःचाच हात वर केला.