कोपऱ्यातला अंगठा

डॉक्टरीणबाईंनी गेमचं मशीन मास्तरांच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवलं आणि सांगितलं, उजवीकडचं बटण आत गेलंय, वर येतच नाही. तळहातावर मावेल एवढं मशीन, पोटात जुने चारशे गेम. बाईंचा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना. तिथल्या बाहेरच्या बाकावर ते दिवसभर या हातातून त्या हातात फिरायचं. बटणं जाणारच.

मास्तरांनी मागचे चार स्क्रू काढले. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. कधीकाळी स्क्रूड्रायव्हर घसरला होता, तेव्हापासून ते तसंच उगवायचं. पण त्या चिरेत बारीक स्क्रू असा बसायचा की चिमटा शोधावा लागत नसे. बटणाखालचं रबर बदललं, मशीन पुन्हा जोडलं. दहा मिनिटांचं काम. मग बघावं म्हणून त्यांनी ते चालू केलं.

पडद्यावर गेमची यादी आली आणि मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

एकूण एक गेमला त्याच्या खोक्यावरचं चित्र होतं, कडा नेमक्या कापलेलं, रंग न उतरलेलं. खाली साल, किती जणांनी खेळायचा ते, आणि मुलांना कळतील अशा दोन ओळी. 'मासे पकडणारे आजोबा. हरलात तरी हसतात.' 'दोघांचा गेम. भांडू नका, दार दोघांनी ढकलल्याशिवाय उघडत नाही.'

यादी कुणी केली हे विचारायची गरजच नव्हती. चष्मेवालीने. चार वर्षं याच दुकानात, मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर बसून ती काम शिकली, आणि वर्षभरापूर्वी दोन गल्ल्या सोडून तिने स्वतःचं दुकान थाटलं. मास्तर चित्रांचं काम एका प्रोग्रामवर सोपवून मोकळे व्हायचे. तो फाइलचं नाव वाचून नेटवरून मिळेल ते उचलायचा, नाही मिळालं तर राखाडी चौकोन. खेळायचंय की चित्रं बघायचीत, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि पुढच्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे जायची.

डॉक्टरीणबाईंचं कौतुक चालूच होतं. ज्यांना अजून अक्षरओळख नाही, ती पोरंसुद्धा चित्र बघून आपला गेम बरोबर काढतात. आत खुर्चीवर यायला तयार नसतात, हाच काय तो त्रास. बटणाचं काम मात्र मास्तरांकडेच न्या, असं तिनेच सांगितलं म्हणे.

म्हणजे कौतुक तिचं आणि बटणं आमची. मास्तरांना ते चांगलंच झोंबलं. त्यांना तिची एक चूक हवी होती. एक बास होती. ती बाईंच्या नाकासमोर धरली असती, म्हणजे निदान हे एक गिऱ्हाईक तरी पुन्हा जागेवर आलं असतं. ते यादी खाली सरकवत राहिले. कुठे साल चुकलं असेल, कुठे दुसऱ्या भागाचं चित्र पहिल्याला चिकटलं असेल. असल्या चुका सगळ्यांच्याच होतात, त्यांच्या स्वतःच्या तर ढिगाने झाल्या होत्या. हिची एक सापडेना. तीनशे गेम झाले. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं, आणखी काही बिघडलंय का विचारलं. मास्तर नुसतेच हुंकारले.

मग डोंगर चढणाऱ्या बेडकाचा गेम आला. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबीसर दिसत होतं. मास्तरांनी मशीन डोळ्यांपाशी नेलं. अंगठा. खोकं कडेला धरून स्कॅन करताना कुणाचा तरी अंगठा मध्ये आला होता, आणि चष्मेवाल्या बाईसाहेबांनी तो तसाच ठेवला होता.

मास्तरांचा चेहरा खुलला.

"हे बघा," त्यांनी मशीन डॉक्टरीणबाईंपुढे धरलं. "याला काम म्हणायचं? चित्रात अंगठा. चार वर्षं घसा कोरडा केला मी, शेवटी घाई ती घाईच."

थांबा, दोन मिनिटांत काढून देतो, असं म्हणत त्यांनी मशीनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. बाईंना नीट दिसावं म्हणून चित्र मुद्दाम मोठं केलं, आणखी मोठं केलं. अंगठ्याने अर्धा पडदा भरला. नखाच्या मधोमध, टोकापासून मुळापर्यंत, सरळ चीर होती.

कापायची चौकट अर्ध्यावर आली होती. माउस तिथेच थांबला. त्या खोक्याचा पुठ्ठा वाकलेला होता, स्कॅनरच्या काचेवर सपाट राहत नव्हता, ते मास्तरांना आता आठवलं. दुकान नवीन होतं तेव्हा ते आपल्या कपाटातलं एकेक खोकं पुसून स्कॅन करायचे, कुणालाही घेता यावं म्हणून नेटवर टाकायचे. तेव्हा त्यांना तसं करायला कुणी सांगितलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बघितलं. मग माउसवरच्या हाताकडे.

"मीच तिला म्हटलं होतं, तेवढा अंगठा काढून टाक," त्या म्हणाल्या. "तर म्हणाली, बाकी काहीही कापायला सांगा."

मास्तरांनी चित्र होतं तसं बंद केलं, कार्ड मशीनमध्ये परत घातलं, बटण तीन-चार वेळा दाबून बघितलं. ते व्यवस्थित वर येत होतं.

मशीन त्यांनी डाव्या हाताने पुढे केलं. उजवा खिशात होता.