आधी दुरुस्ती

वायफाय लागत नव्हतं. एरवी आसपासच्या सगळ्या बिऱ्हाडांची नेटवर्कं जिथे दिसायची, तिथे 'वायफाय अडॅप्टर सापडला नाही' एवढी एकच ओळ होती. दुपारी त्याने कॉम्प्युटरवरचं लिनक्स अपडेट केलं होतं आणि नव्या आवृत्तीने वायफायच्या कार्डाला ओळखच दाखवली नाही. दुसरा कोणी कपाळावर हात मारून उठला असता. हा पडला सर्व्हर सांभाळणारा माणूस. बाह्या सरसावून टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची काळी खिडकी, उघडून बसला.

पाच वाजता व्हिडिओ कॉल होता. दूरच्या गावी दवाखान्यात त्याचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. धाकट्या बहिणीने डॉक्टरांच्या हातापाया पडून थोडा वेळ वडिलांचा ऑक्सिजनचा मास्क काढायची परवानगी मिळवली होती. बापलेकांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. ऐनवेळी घोटाळा नको म्हणून त्याने आधीच अपडेट उरकून घेतलं, आणि घोटाळा झाला तो त्यानेच.

फोनवरून बोला, बायको म्हणाली. फोनवर बाबा एवढुसे दिसतील, असं त्याचं उत्तर. मग राउटरची केबल लावा, ती म्हणाली. केबलने नेट येईल, पण दोष कुठे आहे ते कळणार नाही. यावर शहाण्या माणसाने काय बोलावं?

दोष सापडला. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने घालायला हवा होता. तो नेटवरून उतरवायचा आणि नेट तर त्याच्यावाचून नाही; म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. त्याने स्वतःचा फोन वायरीने मशीनला जोडला आणि फोनच्या नेटवरून ड्रायव्हर उतरवायला घेतला.

"मग आता आलंच की नेट," बायको म्हणाली.

"हे फोनचं आहे. वायफाय कुठे लागलंय?"

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. बिघडलेल्या मशीनपुढे ती त्याला कधीच वाटत नसे, आणि म्हणून तो तिथून हलत नव्हता.

पाच वाजता नणंदेच्या व्हिडिओ कॉलने बायकोचा फोन वाजला. ती तो हातात धरून दारात आली.

"अहो, मास्क काढलाय. बाबा विचारतायत, आहे का तो?"

"आहे म्हणून सांग. दोनच मिनिटं."

तिने फोन त्याच्याकडे वळवला. त्याला उशीची कड आणि एक कान दिसला. त्याने मान पुन्हा स्क्रीनकडे फिरवली. तिथे ओळींमागून ओळी सरकत होत्या, मध्येच एक लाल एरर आली, ती त्याने निस्तरली. दारात बायको सासऱ्यांना सांगत होती की येतोय, हा काय आलाच, चप्पल घालतोय बघा. चप्पल कशाला म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. मग ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. ड्रायव्हर अजून तयार होत होता.

त्याने शेवटची कमांड दिली. कोपऱ्यात वायफायचं चिन्ह उगवलं. सगळे शेजारी आपापल्या नावांनिशी परत आले, आणि सगळ्यांत वर त्याचं स्वतःचं नेटवर्क. त्याला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. कॅमेरा नीट केला, केसांवरून हात फिरवला, खुर्ची पुढे ओढली आणि बायकोला हाक मारली.

ती आली. फोन बंद होता.

"लागलं वायफाय?"

"लागलं. फुल्ल रेंज आहे. लाव कॉल."

"आता गाडीची तिकिटं काढा," ती म्हणाली. "वन्सं म्हणाल्या, सकाळपर्यंत नेणार नाही, दादासाठी थांबू."