भावकीचं एकमत

सुगंधाकाकीच्या दारापर्यंत रिक्षा जाईल एवढी वाट आखायची होती. पंचायतीने पाठवलेल्या पूजाने, ज्यांच्या जमिनी मधे येत होत्या त्या बाबली, परशुराम आणि नर्मदावहिनी या तिघा भावबंदांच्या हाती एकेक टॅब दिला. नकाशा एकच, एकाने बोटाने रेषा सरकवली की ती तिघांकडे सरके. तिघांची संमती आली की आखणी पक्की.

काकी दारापुढच्या खळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर तयार होऊन बसली होती. आज तिचा डायलिसिसचा दिवस. रिक्षा खाली डांबरी रस्त्यावर यायची आणि तिथवर काकीला खुर्चीसकट उचलून न्यावं लागायचं.

पूजाची पहिली रेषा सरळ खाली गेली होती, बाबलीच्या काजूंमधून. हरकत कोणाचीच नव्हती. बाबलीने फक्त आपली कलमं वाचवून रेषा शेजारी ढकलली. शेजारी परशुराम. त्याने काकीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि रेषा नर्मदावहिनीच्या परसात सोडली. काकीसाठी आपण काय वाटेल ते करू, असं म्हणत वहिनीने चष्मा लावला आणि रेषा अलगद पाठच्या व्हाळाच्या पात्रात नेऊन ठेवली. व्हाळ कोणाच्याच नावावर नव्हता. तिघांकडेही हिरवी खूण उमटली. लग्नपत्रिकेत नावं घालतानाही या भावकीचं असं एकमत झालं नव्हतं.

पूजाला सकाळपासून ऊन बाधलं होतं. तरी तिने विचारलं, की व्हाळाला पाणी किती असतं.

"मे म्हयन्यात नसता," परशुराम म्हणाला.

काकीने हात पुढे केला. "बघूया, खंय गेली माझी वाट?"

पूजाने बोट ठेवून दाखवलं. काकी बराच वेळ पाहत राहिली. मग टॅब परत देत म्हणाली, "बरी आसा गो. वर्सातले आठ म्हयने जगतलंय मी."

तेवढ्यात खालून रिक्षाचा हॉर्न आला. टॅब दगडी गडग्यावर ठेवून बाबली आणि परशुराम खुर्चीला भिडले. वहिनी औषधांची पिशवी घेऊन पुढे झाली आणि तिने बाबलीच्या कुंपणाचा बेडा उघडला. दोघे काकीला घेऊन काजूंमधून सरळ खाली उतरू लागले. एका कलमाची फांदी काकीच्या तोंडावर येत होती. बाबलीचे हात गुंतलेले होते. त्याने ती खांद्याने मोडली.