लिंबाखालचा कोपरा

जमिनीतला धातू हुडकायचं भाड्यानं आणलेलं मशीन सकाळपासून कुरकुरत होतं. परमेश्वरच्या हाती लागले होते दोन झिजलेले तांब्याचे पैसे आणि नांगराचा तुटका फाळ.

शेत पांढरीचं. निजामाच्याही आधीचं गाव इथंच नांदत होतं म्हणतात. नांगराला अजून मणी, खापरं लागायची. तेवढ्यावर परमेश्वरनं हंडाभर मोहरा ठरवून टाकल्या होत्या. वडील पूर्णेला रेल्वेत होते तोवर शेत दुसऱ्याकडं बटईनं होतं, नाहीतर हंडा कधीच काढला असता, असं त्याचं म्हणणं.

बांधावर थोरली बहीण राजेश्री बसली होती. नवऱ्यानं टाकल्यापासून ती माहेरीच होती. एक खोली बांधायला लिंबाखालचा कोपरा तेवढा मागत होती.

"काई सापडलं तर माझाबी वाटा धर," ती म्हणाली.

"लगीन झालं की तू परक्या घरची. अन् सापडलेलं सापडणाऱ्याचं असतंय."

राजेश्रीनं आईकडं पाहिलं. पार्वतीबाईंनी नको अशी मान हलवली. भावाचं सगळं राजेश्री असंच गिळायची आणि त्याला आणखी चढायचं.

मशीन घेऊन तो लिंबाकडं वळला, तशा पार्वतीबाई आडव्या आल्या.

"काय करायलास? तिथं नको."

त्या कोपऱ्यात त्यांनी कधी नांगर घालू दिला नव्हता. दर अमावास्येला त्या तिथं वाटीभर दूध ठेवायच्या. विचारलं की म्हणायच्या, नागोबाला. नागोबा धनावरच बसतो, हे परमेश्वरला पक्कं ठाऊक होतं.

"लेकीसाठी लय दिवस झाकून ठेवलंस," म्हणत त्यानं आईला बाजूला ढकललं. मशीन कोकलायला लागलं.

मांडीइतकं खणल्यावर मातीतून चांदीचे दोन वाळे निघाले. काळे पडलेले, जेमतेम दोन बोटं जातील एवढे.

"एवढंच?" तो वैतागला. "कुणाचे हायेत हे?"

पार्वतीबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या. वाळे पुसून पदरात घेतले.

"माझ्या परमेश्वराचे."

"माझे? मंग पुरले कशाला?"

"वाळे न्हाई पुरले. लेकरू पुरलं."

राजेश्री तोंडाला पदर लावून रडत होती. परमेश्वर खड्ड्यातच उभा होता.

"खरंय तुझं, बाबा. सापडलेलं सापडणाऱ्याचंच," पार्वतीबाई म्हणाल्या. "म्हणून तर पूर्णेच्या ठेसनावर सापडलास, तवा तुला मी कुणाला दिलं न्हाई."