आठची गाडी

वर्गात बाईंच्या टेबलावर रोज शेवंतीचं ताजं फूल. कुणाच्या तरी आईनं धाडलेली शेंगाचटणी. भाड्याचा विषय काढला की हसणारी घरमालकीण काशम्मा. आणि अचानक बंद पडलेली सोलापूरची आठची एसटी.

शनिवारी अकराला सोलापूरच्या मोठ्या शाळेत गावच्या शिक्षिका इंद्रायणीबाईंची मुलाखत होती. "गाडी बंद हाय की बाई," काशम्मा म्हणाली. सरपंचही तेच म्हणाले. जीपवाल्या नागप्पाला नेमकं त्याच दिवशी अक्कलकोटचं भाडं लागलं. शेवटी जड मनानं बाई सकाळच्या शाळेत वर्गावर गेल्या.

आठच्या सुमाराला पहिल्या बाकावरची श्रावणी न सांगताच उठली. "तेराचा पाढा! मोठ्यानं म्हणा रे!" पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. बाईंना भरून आलं. पाढा संपला, पोरांनी दम घेतला, आणि बाहेर हॉर्न वाजला.

बाई खिडकीशी धावल्या. थांब्यावर एसटी उभी होती. काशम्मा कंडक्टरला सांगत होती, "कुणी न्हाय यायचं. जावा तुमी."

बाई मागे वळल्या, तर सगळा वर्ग माना खाली घालून बसलेला.

"बाई," श्रावणी रडवेल्या आवाजात म्हणाली, "चौदाचा पण म्हणू का?"

आधीचे तिन्ही शिक्षक 'उद्या येतो' म्हणून याच गाडीनं गेले होते.